लोहाराचा उपवास

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नव्हता. जमीन अशी आवळून बसली होती की नांगर दोन दिवस चालला की फाळाचं नाक बोथट व्हायचं. मग लोक फाळ खांद्यावर टाकून लोहाराच्या दारात यायचे आणि आपला नंबर लागेपर्यंत उकिडवे बसून राहायचे. सकाळी त्या पत्र्याच्या छपराखाली पाय ठेवायला जागा नसायची.

लोहार दोघं होते, सख्खे भाऊ. थोरला अठ्ठावन्नचा, धाकटा चव्वेचाळीसचा. थोरला ऐरणीशी पाटावर बसायचा, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडी. धाकटा समोर उभा राहून घण घालायचा. थोरला हातोडीनं जिथं टक् करेल, तिथंच घण पडायचा. भाता थोरल्याची बायको, थोरली, ओढायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती आणि धाकट्याचं लग्न तीनदा जमता जमता राहिलं होतं, त्यामुळे घरात ही तीनच माणसं. दिवसभर तिघंही एकाच भट्टीभोवती, हातभर अंतरावर. आणि त्यातले दोघं भाऊ आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

मंगळवारी दुपारी फादर सायकल ढकलत आले. मागे कॅरिअरला वाळक्या झावळ्यांचा भारा बांधलेला. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेले झावळ्यांचे क्रूस लोकांनी चर्चमध्ये परत आणून दिले होते, तेही त्यातच. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायचे होते, आणि कपाळाला लावायची राख दरवर्षी लोहाराच्या भट्टीवरच व्हायची.

"या फादर," थोरला म्हणाला. मग मान भात्याकडे वळवून, "सांग त्याला, घमेलं आण म्हणावं."

धाकटा त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. थोरलीनं दोरी ओढता ओढताच सांगितलं, "भाऊजी, घमेलं."

"वहिनी, मोठं की छोटं?"

"मोठं की छोटं हो?"

"छोटं."

"छोटं."

"ते भोक पडलेलं की दुसरं, विचार ना."

"अहो, भोक—"

"ऐकलं मी! भोक पडलेल्यात राख ठेवतात का? सांग त्याला, डोकं वापर म्हणावं."

थोरलीनं दोरी सोडून दिली. "फादर, तुम्हीच बघा. माझी जीभ झिजली दोघांचं बोलून बोलून. संध्याकाळी माझं स्वतःचं बोलायला तोंडात काही उरत नाही."

फादर हसले आणि हसता हसता खोकले. त्यांना आठवडाभर खोकला होता. अबोला कशावरून आहे, हे त्यांना माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात बागवान आपली कुऱ्हाड घेऊन तावातावानं आला होता. नवी धार लावून नेलेली कुऱ्हाड पहिल्याच दिवशी तुकडा पडून आली होती. थोरला म्हणाला, लोखंडच हलकं होतं. बागवान म्हणाला, लोखंड तुम्हीच दिलं होतं. शब्दानं शब्द वाढला. पाचसहा माणसं बसली होती. आणि धाकटा, जो बोलण्यात आधीपासून सैल, तो मध्येच बोलून गेला, "लोखंडाला कशाला नावं ठेवतोस दादा, तुला दिसत नाही ते सांग की."

माणसं हसली. फार नाही, नाकातल्या नाकात. पण थोरल्यानं ज्या पोराला आठव्या वर्षापासून वाढवलं, बाप गेल्यावर ज्याला स्वतःच्या ताटातलं दिलं, हातोडी धरायला शिकवलं, त्यानं चार लोकांत असं बोलावं! त्या दिवशी थोरल्यानं तोंड मिटलं ते मिटलंच.

झावळ्या पटकन पेटल्या. जाळ वर गेला, खाली बसला. फादर पाटाशेजारी ओंडक्यावर टेकले.

"मग थोरले, यंदा चाळीस दिवस काय सोडणार?"

"चहा."

"चहा!" थोरली म्हणाली. "गेल्या वर्षीही चहाच होता. तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, औषध म्हणून अर्धा कप टाक."

"तेव्हा मला खरंच ताप होता."

"होता ना. चहाचाच."

धाकटा तोंडावर हात धरून वळला. थोरल्याला ते दिसलं नाही, पण कळलं. त्याचा चेहरा आणखी आवळला.

राख गार झाल्यावर फादरांनी ती चाळून डब्यात भरली. जाताना सायकल वळवता वळवता म्हणाले, "चहा सोडून देवाच्या पदरात काय पडणार? जे सोडताना जीव जाईल, तसलं काहीतरी बघा." आणि खोकत खोकत गेले. ते कदाचित पुढच्या घरी पोहोचेपर्यंत हे विसरूनही गेले असतील. थोरला मात्र संध्याकाळपर्यंत विसरला नाही.

बुधवारी कामाला लागण्याआधी तिघं चर्चला गेले. थोरला पुढे, मागे थोरली, मागे धाकटा. बाकावरही तसेच बसले, थोरली मध्ये. बाकी सगळे थंडीनं गुरफटलेले होते. पुढच्या बाकावर बागवान होता.

फादरांचा आवाज बसला होता, म्हणून त्यांनी प्रवचन आवरतं घेतलं. म्हणाले, आज मी कमी बोलतो, तुम्ही आपापल्या मनात बघा. मग सगळं चर्च गप्प झालं. एवढी माणसं आणि एवढी शांतता, थोरल्याला सवय नव्हती. त्याच्या कानात दिवसभर घण वाजत असायचा.

त्यानं डोळे मिटले. मिटले काय आणि उघडे ठेवले काय, आता फारसा फरक पडत नव्हता. दोन वर्षं होत आली. आधी लांबची माणसं ओळखू येईनात. मग भट्टीतलं लोखंड लाल आहे की केशरी, ते कळेना. जाळ म्हणजे नुसता एक पिवळा गोळा, कापसात गुंडाळल्यासारखा. थोरला कुणाला काही बोलला नाही. गालाला लागणाऱ्या धगीवरून अंदाज घ्यायला शिकला. वासावरून शिकला. आणि एक गोष्ट त्यानं कुणालाच कळू दिली नव्हती. बायकोचा भाता जिथं थांबेल, तिथं तो लोखंड बाहेर काढायचा. तिला वाटत असेल आपण दमून थांबतो, आणि नेमकं तेव्हाच लोखंड तयार होतं.

धाकटा त्या दिवशी खरं बोलला होता. थोरल्याला नेमकं तेच गिळता येत नव्हतं. खोटं बोलला असता तर दोन थोबाडीत देऊन केव्हाच मिटवून टाकलं असतं.

रांग पुढे सरकली. फादरांचा अंगठा कपाळाला लागला, खरखरीत आणि गार. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, मातीतून आलास, मातीत जाणार, विसरू नकोस. थोरला बाकावर परत आला आणि गुडघ्यावर बसला. आजच बोलायचं, त्यानं ठरवलं. आज नाही तर मग मातीत गेल्यावर बोलणार आहोत का?

बाहेर आल्यावर ऊन पडलं होतं. धाकटा पायऱ्यांवर उभा होता. थोरला मुद्दाम त्याच्याजवळ गेला, इतका जवळ की चेहरा दिसावा. धाकट्याच्या कपाळाची राख ओघळून नाकाच्या शेंड्यावर आली होती. बस्स, एवढंच म्हणायचं होतं, नाक पूस. सुरुवातीला एवढं पुरे होतं. थोरल्यानं तोंड उघडलं. धाकटाही बघायला लागला.

थोरला बायकोकडे वळला. "सांग त्याला, नाकाला राख लागलीय."

थोरलीनं दोघांकडे बघितलं आणि काही न सांगता घराकडे चालायला लागली.

बुधवार असाच गेला. गुरुवारी त्यानं दोनदा ठरवलं. एकदा धाकटा घण खाली ठेवत असताना "अरे" एवढं तोंडातून निघालं, पण तेवढ्यात एक माणूस फाळ घेऊन दारात आला आणि "थोरले, अरे म्हणजे किती वेळ लागेल?" असं विचारू लागला. दुसऱ्यांदा धाकटा पाणी पीत होता, थोरला खाकरला, धाकट्यानं तांब्या पुढे केला. थोरल्यानं तांब्या घेतला, पाणी प्यायला आणि तांब्या बायकोच्या हातात दिला. आठ महिने न वापरलेला शब्द घशातच गंजून बसला होता.

उपवासानं पोटात आग पडलेली, त्यात चहाही नाही. दुपारी घणाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याचं डोकं ठणकायचं. संध्याकाळी चार फाळांना पाणी द्यायचं होतं. घडण काय, ती हाताला येते. पाणी देणं हे सगळं डोळ्यांचं काम. फाळाचं टोक तापवायचं, पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून दगडानं घासायचं, आणि मग त्या उजळ पट्टीवर रंग कसे सरकतात ते बघत बसायचं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळा. नेमक्या रंगाला पुन्हा बुडवायचं. लवकर बुडवलं तर टोक काचेसारखं तुटतं, उशीर झाला तर लोण्यासारखं मऊ राहतं. थोरल्यानं फाळ नाकाशी धरला. काही दिसलं नाही. मनात आकडे मोजले आणि बुडवला. असे चारही. मग नेहमीसारखे भिंतीशी ओळीनं लावून ठेवले, सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं.

रात्री झोपताना तो बायकोला म्हणाला, "उद्यापासून पहाटे चर्चला जाऊन बसणार आहे. दिवसा काही जमत नाही मला."

"काय जमत नाही?"

"प्रार्थना," तो म्हणाला.

शुक्रवारी उजाडायच्या आत तो बाहेर पडला. काठी टेकत, ओळखीच्या वाटेनं. चर्चला पोहोचला तर दार बंद. कडी वाजवून बघितली. फादर झोपले असतील, खोकला वाढला असेल. दोन मिनिटं उभा राहिला आणि परत फिरला.

घराजवळ आल्यावर त्याला कोळशाचा वास आला. मग भात्याचा आवाज. इतक्या पहाटे! त्याला वाटलं, आग लागली की काय. तो भरभर छपराशी आला आणि थांबला. पत्र्याच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर येत होता. आत दोघं बोलत होती.

"हळू वहिनी. पाणीच द्यायचंय, फार तापवायचं नाही."

"किती राहिले?"

"दोन. काल चार दिले त्यानं, त्यातले दोन बरे निघाले. हे दोन गेलेत." मग दगडानं घासल्याचा आवाज. "पण घडण बघ ना. हे नाक बघ कसं काढलंय. मला डोळे असून असं काढता येत नाही."

"आता ते रोज पहाटे जाणार म्हणतात. बरं झालं, तुम्हाला जरा वेळ मिळेल. नाहीतर ते जागे व्हायच्या आत आवरायचं म्हणजे माझा जीव मुठीत असतो."

"हं."

"आणि कळलं तर?"

"कळलं तर मारेल." सांडशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मारू दे. मारताना निदान बोलेल तरी."

पाण्यात लोखंड गेल्याचा चर्र आवाज झाला. थोरला भिंतीला हात लावून उभा होता. आत जावं आणि घमेली, सांडश्या, सगळं लाथेनं उडवून द्यावं असं त्याला वाटलं. धाकट्याचं एक वेळ सोड. पण ही! चौतीस वर्षं शेजारी झोपणारी बाई. म्हणजे भाता थांबायचा तोही दमून नाही. तिला सगळं माहीत होतं, आणि आपण तिला फसवतोय असं तो समजत होता.

तो आत गेला नाही. चर्चपर्यंत परत चालत गेला आणि पायरीवर बसून राहिला.

थोड्या वेळानं फादर शाल गुंडाळून किल्ल्या घेऊन आले. "थोरले? एवढ्या लवकर?"

"दार बंद होतं."

"मला उठवेना. अंगात कणकण आहे." दार उघडताना त्यांनी थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"काही नाही."

"मग आत येऊन बसा. काही झालं नसलं तरी बसता येतं."

थोरला मागच्या बाकावर बसला. प्रार्थनेचे पाठ असलेले शब्द त्याला आठवेनात. तो सरळ भांडायलाच लागला, मनातल्या मनात. देवा, मी कुणाचं काय वाईट केलं? लोखंडाशिवाय मला काय येतं? तेवढं तरी ठेवायचं होतं. डोळे नेलेस ते नेलेस, वर सगळ्या गावासमोर माकड केलंस. लोक येतात, "थोरले, तुमच्या हाताच्या पाण्याला तोड नाही," म्हणतात, आणि मी मान डोलावतो. ते पाणी माझं नाहीच. पाटावर बसलेला मी नुसता बाहुला!

असा किती तरी वेळ गेला. भांडून भांडून तो दमला. पोटात काही नव्हतं, डोकं हलकं झालं होतं. आणि मग त्याच्या मनात, कुणी न विचारता, दुसरंच काहीतरी येऊ लागलं. म्हणजे धाकटा रोज अंधारात उठतो. भट्टी पेटवतो. आपले बिघडलेले फाळ नीट करतो आणि पुन्हा भिंतीशी त्याच ओळीत, त्याच क्रमानं लावून ठेवतो, आपल्याला कळू नये म्हणून. भट्टी विझवतो, राख सारखी करतो, आणि सूर्य वर आल्यावर आत्ताच उठल्यासारखा तोंड धुऊन येतो. दिवसभर वर घणही घालतो. गेल्याच महिन्यात थोरला बायकोला म्हणाला होता, "सांग त्याला, हल्ली फार आळशी झालाय. उभ्या उभ्या जांभया देतो." तेव्हा धाकट्यानं निमूट तोंड मिटलं होतं.

थोरल्यानं कपाळ समोरच्या बाकाच्या लाकडाला टेकवलं. तो तसाच बसून राहिला. फादर मेणबत्त्या नीट करत होते, त्यांनी एकदा बघितलं आणि परत आपल्या कामाला लागले.

त्या दिवशी त्यानं काम केलं ते खाली मान घालून. एकदाही "सांग त्याला" म्हणाला नाही. थोरली दोनदा त्याच्याकडे बघून गेली. संध्याकाळी तीन फाळांना पाणी द्यायची वेळ आली. उठावं आणि बोलून टाकावं, असं त्याच्या मनात आलं, पण समोर चार माणसं बसली होती आणि हात नेहमीच्या वाटेनं निघाले. त्यानं फाळ तापवला, बुडवला, घासला. नाकाशी धरला. धाकटा पाठ करून उगाच घणाचा दांडा पुसत होता. थोरल्यानं न बघता फाळ पाण्यात सोडला आणि त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या.

शनिवारी पहाटे तो चर्चला जायला म्हणून उठला, काठी घेतली, दार ओढून घेतलं, आणि घराच्या मागच्या बाजूला लाकडांच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. थंडी हाडांत शिरत होती. थोरली बाहेर आल्याचं ऐकू आलं. मग धाकट्याचं खाकरणं. मग भाता सुरू झाला. थोरल्यानं आणखी थोडी वाट बघितली. आग पेटायला लागेल तेवढी. आणि छपरात शिरला.

भात्याची दोरी जागच्या जागी थांबली. धाकटा भट्टीशी उकिडवा बसला होता, सांडशीत फाळ. थोरल्याचा पाट शेजारी रिकामाच होता, त्यावर तो बसला नव्हता.

"अहो," थोरली म्हणाली, "मी सांगते, ऐकून तर घ्या—"

"ऊठ."

ती उठून भिंतीला चिकटली. तिला वाटलं, आता काहीतरी फेकणार. थोरला तिच्या ओंडक्यावर बसला, चाचपडून दोरी धरली आणि ओढली. भात्यानं मोठा श्वास घेतला. निखारे फुलले.

"पाटावर बस," थोरला म्हणाला.

धाकटा हलला नाही. त्यानं थोरलीकडे बघितलं. "वहिनी, काय म्हणतो तो?"

"मला काय विचारता?" थोरलीचा आवाज फाटला. "तुम्हाला म्हणताहेत."

"बस म्हणतोय पाटावर. आणि तापलं की सांग." थोरल्यानं पुन्हा एकदा दोरी ओढली. "मला दिसत नाही."

मग धाकटा हळूच सरकून पाटावर बसला, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसतात तसा.

"दादा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर—"

"फाळ जळेल. झाला का लाल?"

"झाला."

"मग काढ की. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

चर्र आवाज झाला. धाकट्यानं टोक दगडावर घासलं.

"रंग सांग," थोरला म्हणाला.

"पिवळा येतोय. वाळक्या गवतासारखा. आता जरा गडद. बुडवू?"

"थांब."

"दादा, नाकाला तपकिरी यायला लागलाय."

"येऊ दे. पुरता येऊ दे. तू घाई करतोस. गेल्या आठवड्यात दोन फाळ टोक तुटून परत आले होते, ते कुणी केलेले?"

धाकटा फाळ उगाच उजेडाकडे वळवू लागला.

"मी रात्रभर तळमळलो, माझं पाणी चुकलं म्हणून. तुझे होते होय ते! आता काय दिसतं?"

"तपकिरी झाला. मागच्या बाजूला निळा दिसतोय, कडेला."

"बुडव."

फाळ पाण्यात गेला. थोरली भिंतीशीच उभी होती. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "मी आता काय करू?"

"चहा टाक," थोरला म्हणाला. मग थांबला. "त्याला टाक. मला नको."

दुसरा फाळ भट्टीत गेला आणि धाकट्याची जीभ सुटली. आठ महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडायला लागलं. भात्याचं कातडं उजव्या बाजूला फाटत चाललंय, कोळसावाला ओला कोळसा देतोय, शहरात डोळ्यांचा एक डॉक्टर आहे, बागवानाच्या सासूचे दोन्ही डोळे त्यानं सुईत दोरा ओवण्याइतके नीट केले, आपण जाऊ या, बुधवारी जाऊ या, बुधवारी बस असते. थोरला "बघू" म्हणाला. "बघू नाही, जायचंच," धाकटा म्हणाला. "बरं, जाऊ," थोरला म्हणाला, "पण आधी तोंड बंद ठेव आणि लोखंडाकडे बघ." धाकट्यानं तोंड बंद केलं, ते फार तर तिसऱ्या फाळापर्यंत. थोरल्याच्या दंडात गोळे यायला लागले होते. ही बाई दिवसभर हे ओढते आणि वर आपले निरोप पोचवते, हे त्याच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा तिन्ही फाळ भिंतीशी ओळीनं लागले होते. भट्टी त्या दिवशी कुणी विझवली नाही.

सगळ्यात आधी आली ती गावाच्या टोकाला भाजी लावणारी म्हातारी. तिच्या कुदळीचं टोक मुडपलं होतं. ती दारात आली आणि नेहमीच्या सवयीनं पाटाकडे बघत म्हणाली, "थोरले, एवढं जरा—" आणि थबकली. पाटावर दुसराच माणूस. तिनं भात्याकडे बघितलं. तिच्या मागून दोघं शेतकरी फाळ घेऊन आत शिरले होते, तेही बघत राहिले.

धाकटा पटकन पाटावरून उठायला लागला.

"काय हो थोरले," म्हातारी म्हणाली, "तुम्ही भात्यावर? आज काय नवीन?"

थोरल्यानं दोरी सोडली नाही. त्याला म्हातारीचा चेहरा दिसत नव्हता, मागच्या दोघांचेही नाहीत. एक काळपट सावली, आणि तिच्या मागे दोन.

"कुदळ तिकडे द्या," तो म्हणाला. "लोहार तिकडे बसलाय."

कुणी हसलं नाही. म्हातारीनं कुदळ पुढे केली. धाकटा पुन्हा बसला तसं पाटाचं लाकूड करकरलं, या वेळी कडेला नाही, मधोमध. थोरल्यानं कान देऊन ते ऐकलं, हातावर थुंकी लावली आणि दोरी ओढली.